गाणं दांडोराचं, पैसा कुणाचा?

नैरोबीच्या पूर्वेकडच्या वस्त्यांमधून आलेल्या रॅपवर केनियात दर दोन-तीन वर्षांनी तोच वाद पेटतो. एक बाजू म्हणते, नव्वदच्या दशकात दांडोरातून आलेल्या कलामशाका या त्रिकुटाने गरिबी, पोलिसांचा जाच आणि सत्तेचा माज यांवर बोट ठेवलं. आजच्या गेंगेटोन आणि ड्रिल या नव्या रॅपशैलीवाल्यांनी त्याच रस्त्याचं नाव घेऊन दारू, देह आणि सुरे विकायला काढले. दुसरी बाजू म्हणते, पोरं जगतात तेच गातात, त्यांना शिकवणारे तुम्ही कोण? दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडत असल्या तरी दोघींचं गृहीतक एकच आहे. गाण्यात जे उतरतं ते गाणाऱ्याच्या मनातून उतरतं, म्हणून खटला गाणाऱ्याच्या मनावर चालवायचा, असं दोघीही धरून चालतात. मला हे गृहीतकच मान्य नाही. रस्त्यावरचा एखादा गट वर कसा येतो आणि वर आल्यावर काय गातो, हे त्याच्या नीतिमत्तेइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, चार गोष्टी ठरवतात: ध्वनिमुद्रण कुठल्या खोलीत झालं, ते कुठल्या कर्ण्यातून ऐकलं गेलं, फाटकावर कोण बसलं होतं, आणि वाजल्याचे पैसे कुणाच्या खात्यात गेले. या चार गोष्टी बाजूला ठेवून केलेली स्तुती आणि निंदा दोन्ही पोकळ ठरतात.

सुरुवात दांडोरापासूनच करू, कारण त्या नावाभोवती भरपूर धुकं आहे. दांडोरा ही आपोआप उगवलेली झोपडपट्टी नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यावर जागतिक बँकेच्या कर्जातून ती आखीवरेखीव वसवली गेली. सुमारे ६,००० भूखंड पाडले. प्रत्येकाला पाण्याचा नळ, संडास आणि न्हाणीची सोय दिली. खोल्या मात्र मालकाने आपल्या पैशाने चढवायच्या होत्या. कल्पना अशी की गरीब कुटुंब हळूहळू घर वाढवील आणि एखादी खोली भाड्याने देऊन हप्ते फेडील. झालं असं, की बऱ्याच भूखंडांवर खोल्याच खोल्या उभ्या राहिल्या आणि एका नळावर अनेक बिऱ्हाडं आली. किकुयू, लुओ, लुह्या, कांबा अशा वेगवेगळ्या मुलखांतली माणसं एका अंगणात राहू लागली, आणि त्यांच्या मुलांच्या तोंडी शेंग ही मिश्र बोली रुळली. शेंगला स्वाहिलीचा सांगाडा आहे, इंग्रजीचं मांस आहे आणि प्रत्येक मातृभाषेतून उचललेले शब्द आहेत. शेजारीच शहराचा कचरा डेपो आला. तो २००१ मध्येच भरल्याचं जाहीर झालं, तरी कचऱ्याच्या गाड्या येतच राहिल्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तिथल्या तपासलेल्या मुलांपैकी निम्म्यांच्या रक्तात शिशाचं प्रमाण आंतरराष्ट्रीय मर्यादेपेक्षा जास्त निघालं. कलामशाकाच्या शब्दांतली धग अशी नियोजनाच्या कागदावरून खाली आलेली आहे. तिचं श्रेय नुसतं प्रतिभेला देणं म्हणजे नियोजन करणाऱ्यांना सूट देणं.

मात्र धग असली म्हणजे गट वर येतोच असं नाही. नव्वदच्या सुरुवातीला नैरोबीत रॅप होतं, पण ते बहुतांशी इंग्रजीत होतं आणि शहराच्या मध्यावरच्या क्लबांत होणाऱ्या रविवारच्या स्पर्धांपुरतं होतं. तिथे जायला बसभाडं आणि तिकीट लागे, आणि अमेरिकी उच्चार जमणं हाही प्रवेशशुल्काचाच भाग होता. कलामशाकाच्या कामा, रॉबा आणि जॉनी यांनी स्वाहिली-शेंग धरली. १९९७ च्या सुमारास ‘ताफसिरी ही’ देशभर वाजलं ते त्याच भाषेत. पण त्याच सुमारास का? कारण फाटकं नुकतीच उघडली होती. १९९० पर्यंत प्रसारण सरकारच्या एकट्याच्या हातात होतं. त्या वर्षी केटीएन ही खासगी वाहिनी आली, १९९१ च्या अखेरीस बहुपक्षीय राजकारण परत आलं, आणि १९९६ मध्ये कॅपिटल एफएम सुरू झालं. नव्या वाहिन्यांकडे वेळ होता आणि स्थानिक माल कमी होता. हेच त्रिकूट दहा वर्षं आधी जन्मलं असतं, तर त्याच धगीसह अंगणातच विरलं असतं. म्हणून कलामशाकाच्या उदयाला मी चमत्कार म्हणत नाही. योग्य क्षणी उघडलेल्या दारातून योग्य भाषा आत शिरली, एवढंच म्हणतो. आणि त्याने त्यांच्या कर्तृत्वाला काडीचाही कमीपणा येत नाही. दार उघडं असताना बहुतेक जण इंग्रजी घेऊन उभे होते. स्वाहिली-शेंग घेऊन उभं राहणं हा धाडसी निर्णय होता.

त्यांच्या भोवती जमलेल्या मंडळींनी पुढे माऊ माऊ, म्हणजे ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढलेल्या बंडखोरांचं, नाव धारण केलं आणि मोंबासाच्या उकू फ्लानीशी हातमिळवणी करून उकू फ्लानी माऊ माऊ हा मोठा जथा उभा राहिला. हे नाव किती जड होतं याची कल्पना आज येत नाही. वसाहतवादी सरकारने १९५० मध्ये माऊ माऊवर घातलेली बंदी स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षं कायद्याच्या पुस्तकात तशीच होती. ती उठली ऑगस्ट २००३ मध्ये. ज्या लढ्यामुळे देश मिळाला असं सरकार सणावारी सांगे, त्या लढ्याची संघटना कागदोपत्री बेकायदाच होती. त्या विस्मरणाची किंमत ज्यांनी मोजली त्यांत मूळचे गोव्याचे, नैरोबीत जन्मलेले पियो गामा पिंटोही आहेत. गोव्याच्या मुक्तिलढ्यात भाग घेऊन ते केनियाला परतले, माऊ माऊच्या लोकांना मदत केल्याबद्दल १९५४ मध्ये स्थानबद्ध झाले, आणि स्वतंत्र केनियात, २४ फेब्रुवारी १९६५ रोजी, आपल्या घराच्या फाटकात गोळ्यांना बळी पडले. जमिनीचा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही लावून धरणाऱ्यांपैकी ते एक होते. तोच प्रश्न दांडोराच्या पोरांनी, बंदी उठायच्या आधी, बंदी असलेल्याच नावाने पुन्हा विचारला. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाने जे टाळलं ते रॅपने केलं, हे जुन्या पिढीच्या चाहत्यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

पण इथेच चाहत्यांची एक गोष्ट नजरेआड होते. २००४ मध्ये आलेला ‘किलिओ चा हाकी’, म्हणजे न्यायासाठीचा आक्रोश, हा या जथ्याचा गाजलेला अल्बम. तो कुठल्या पैशातून उभा राहिला? नेदरलँड्समधल्या मंडळींच्या पुढाकाराने, मदतीच्या पैशातून. यात लाजण्यासारखं काही नाही, अल्बम उत्तमच आहे. मुद्दा इतकाच, की सामाजिक आशयाच्या रॅपला नैरोबीत स्वतःची बाजारपेठ नव्हती. त्याला टिकवणारा पैसा संस्थांकडून येत होता: कार्यशाळा, परदेश दौरे, जनजागृतीचे कार्यक्रम. त्याच सुमारास कॅलिफ रेकॉर्ड्समधून क्लेमो या निर्मात्याने गेंगे ही नाचरी रॅपशैली उभी केली. नोनिनी, जुआ काली हे तिथले. तो पैसा बारमधून, लग्नांतून, जाहिरातींतून आणि मोबाइलच्या कॉलर ट्यूनमधून आला. अनुदान देणाऱ्याला आशय लागतो आणि बारवाल्याला ठेका लागतो. या दोन गिऱ्हाइकांची दोन गाणी समोरासमोर ठेवून ‘कोणती पिढी जास्त नीतिमान’ असं विचारण्यात काय अर्थ आहे? अनुदान आटलं तेव्हा त्या जथ्यातल्या कितीतरी आवाजांना बारमध्ये जागा नव्हती आणि रॉयल्टीचाही आधार नव्हता. ज्या समाजाने त्यांना आपल्या विवेकाचा आवाज म्हटलं, त्याने त्या आवाजाचं बिल कधी भरलं नाही.

आता विरोधी बाजूचे सर्वांत भक्कम मुद्दे घेऊ, कारण ते टाळून चालणार नाही.

पहिला मुद्दा बायकांबद्दलच्या हिंसेचा. २०१८ मध्ये ‘लांबा लोलो’ने उमोजा वस्तीतला एथिक हा चौघांचा गट एकाएकी वर आला आणि गेंगेटोनची लाट सुरू झाली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, याच गटाने ‘तारिंबो’ आणलं. त्यात बाईवर केलेला लैंगिक अत्याचार हा मर्दुमकी म्हणून मिरवला होता. त्याला कुठलंही समर्थन नाही, ‘रस्त्याचं वास्तव’ हे तर नाहीच, कारण त्या रस्त्यावर मुलीही राहतात आणि त्यांचं वास्तव त्या गाण्यात कुठेच नव्हतं. लोक संतापले, केनियाच्या चित्रपट वर्गीकरण मंडळाने कारवाई मागितली, यूट्यूबवरून गाणं गेलं, गटाने माफी मागितली. हे झालं ते बरोबरच झालं. पण त्याच मंडळाने त्याच वर्षी ‘वामलांबेझ’ आणि टांझानियाचं ‘टेटेमा’ ही दोन नाचगाणीही फक्त बार-क्लबपुरती असल्याचं बजावलं होतं. त्यांत आहे ती चावट सूचकता. अत्याचाराची बढाई आणि चावटपणा एकाच तराजूत घातला, की पोरांना एवढंच कळतं: मोठ्यांना आपलं सगळंच घाण वाटतं. मग खरी घाण कोणती हे सांगण्याचा अधिकार मोठे गमावून बसतात. ‘तारिंबो’च्या वेळी उपाय लागू पडला, कारण आक्षेप नेमका होता.

मंडळाचा हा अधिकार येतो तो चित्रपट आणि रंगमंचीय प्रयोगांच्या कायद्यातून. तो कायदा १९६२ चा आहे, म्हणजे केनिया स्वतंत्र होण्याच्या आधीचा. आणि गाण्यावर हात उगारण्याची सवय त्याहून जुनी. १९२९ च्या अखेरीस किकुयू मुलखात मुथिरिगु नावाचं नाचगाणं वणव्यासारखं पसरलं. मुलींची सुंता करण्याच्या प्रथेविरुद्ध मिशनऱ्यांनी मोहीम उघडली होती, त्याला हे उत्तर होतं. कडव्यांत मिशनरी आणि सरकारधार्जिणे मुखिये यांची नावं घेऊन त्यांना अश्लील शिव्या होत्या. १९३० च्या आरंभी सरकारने त्यावर बंदी घातली, गाणाऱ्यांना तुरुंगात टाकलं. त्या गाण्याने ज्या प्रथेची पाठराखण केली ती मुलींच्या शरीरावरचा घाला होती, आणि तिच्याविरुद्ध उभं राहणं योग्यच होतं. पण त्याच गाण्यात गोऱ्यांनी गिळलेल्या जमिनीबद्दलचा रागही होता. बंदीने काय साधलं? प्रथा थांबली नाही, तिच्याविरुद्धचं काम पुढच्या पिढ्यांमधल्या किकुयू बायकांनाच करावं लागलं. राग थांबला नाही, त्यातून मिशनपासून फुटलेल्या स्वतंत्र शाळा निघाल्या, आणि बावीस वर्षांनी देशात आणीबाणी होती. गाणं बंद करणाऱ्या सरकारला त्या गाण्यातल्या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या नाहीत, किंवा करायच्या नव्हत्या. आजच्या मंडळालाही त्या वेगळ्या करता येत नाहीत असं माझं म्हणणं आहे.

दुसरा मुद्दा मला अधिक अडचणीत टाकतो. पैशाच्या वाटेने सगळं ठरतं म्हणता, तर मग कलामशाका पैशाशिवायही आपल्या आशयाला कसे चिकटून राहिले? म्हणजे चारित्र्यच निर्णायक नाही का? नाही कसं! चारित्र्य असतंच, आणि त्या तिघांचं होतं. पण ज्या व्यवस्थेत सचोटीची भरपाई आयुष्याने करावी लागते, ती व्यवस्था सचोटी निर्माण करत नाही, उधळते. एका पिढीत तीन माणसं असा भार पेलू शकतात. त्यावरून पुढच्या शेकडो पोरांनी तो पेलावा अशी अपेक्षा धरणं, आणि न पेलल्यास त्यांना पतित म्हणणं, हा ज्यांना स्वतः काही मोजावं लागलं नाही अशांचा न्याय आहे.

तिसरा आक्षेप, की हे सगळं अमेरिकेची नक्कल आहे. तो फार वेळ देण्याच्या लायकीचा नाही. मोंबासाचा कवी मुयाका बिन हाजी १८४० मध्ये वारला. त्याने स्वाहिली कविता धर्मस्थळातून बाजारात आणली, प्रतिस्पर्ध्यांना चार-चार ओळींच्या कडव्यांत ललकारलं, शहराच्या राजकारणावर नावं घेऊन लिहिलं. यमकात भांडणं ही त्या किनाऱ्याची दोनशे वर्षांची सवय आहे. ढोलाचा साचा न्यूयॉर्कहून आला हे खरं. गिटारही बाहेरूनच आली होती, आणि तिच्यातून बेंगा ही केनियाची स्वतःची गिटारशैली झाली.

उरला चौथा मुद्दा: बाजार निवडतो. लोकांना आशय हवा असता तर त्यांनी तो ऐकला असता. या युक्तिवादाला उत्तर द्यायचं तर आज पूर्व नैरोबीत गाणं बनतं कसं आणि विकलं जातं कसं, हे बारकाईने पाहावं लागतं.

चार-पाच जणांचा गट एका खोलीत जमतो. छपराला पत्रा, भिंतींना गाद्या किंवा घोंगड्या, एक संगणक, बीट बनवायचं स्वस्त किंवा चोरीचं सॉफ्टवेअर, आणि एकच माइक. माइक कंडेन्सर असेल तर तो आवाजाबरोबर शेजारचा रेडिओ, पत्र्यावरचा पाऊस आणि गल्लीतली मोटारसायकलही टिपतो. अशा खोलीत साधा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरलेला बरा, पण यूट्यूबवरच्या चित्रफितींत कंडेन्सर दिसतो म्हणून तोच घेतला जातो. वीज गेली की जतन न केलेलं काम जातं. प्रत्येकाची आवाजपट्टी वेगळी, पण सगळ्यांना एकाच पातळीवर घेतलं तर एकाचे शब्द फाटतात आणि दुसऱ्याचे बुडतात. ड्रिलचा ठेका मिनिटाला साधारण १४० चा, त्याखाली घसरत जाणारा जाड बेस. हा बेस ४०-६० हर्ट्झमध्ये असतो आणि फोनच्या कर्ण्यातून तो ऐकूच येत नाही. म्हणून जाणता निर्माता बेसला थोडा खरखरीतपणा देतो, म्हणजे त्याचे वरचे स्वर तरी फोनवर उमटतात. पण तोच बेस मटाटूत, म्हणजे नैरोबीच्या खासगी मिनीबसमध्ये, आसनांखालच्या सबवूफरमधून आला की शब्द गिळतो. फोन आणि मटाटू या दोन्हींत शब्द कळायचे असतील तर ओळ आखूड लागते, तीच तीच हाळी लागते, आणि सगळ्या गटाने मिळून ओरडलेलं ध्रुवपद लागतं. गेंगेटोनच्या ध्रुवपदाचा साधेपणा बुद्धीच्या अभावातून आला असं म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी सहा वाजता भरलेल्या बसमध्ये कलामशाकाचं एक सोळा ओळींचं कडवं लावून पाहावं. कर्णा बदलला आणि त्याच्या मागोमाग कविता बदलली.

मटाटू हीच या संगीताची खरी वाहिनी आहे. तरुण प्रवासी गाडीची सजावट आणि आतलं संगीत पाहून गाडी निवडतात, त्यामुळे चालक-वाहक डीजेकडून ताजी मिश्रणं पेन ड्राइव्हवर घेतात. नवा गट आपलं गाणं आधी या डीजेंकडे पोचवतो. फेब्रुवारी २००४ मध्ये परिवहनमंत्री मिचुकी यांचे नियम लागू झाले. आसनांचे सुरक्षापट्टे, वेगमर्यादक आणि गाडीवरचा पिवळा पट्टा यांनी प्रवास सुरक्षित झाला, पण त्यांबरोबर गाड्यांवरची चित्रं आणि आतला दणदणाटही आवरता आला. अपघात कमी करण्याचा हेतू योग्यच होता. तरी रस्त्यावरच्या संगीताची वाहिनी त्यात काही वर्षं दबली गेली हे कुणी हिशेबात धरलं नाही, कारण तिला वाहिनी म्हणून कुणी मोजतच नव्हतं.

मोजतच नव्हतं, हा या लेखाचा गाभा. केनियात वाजलेल्या गाण्याचे पैसे गोळा करायला तीन संस्था उभ्या राहिल्या: रचनाकारांची एमसीएसके, ध्वनिमुद्रण निर्मात्यांची केएएमपी, कलाकारांची पीआरआयएसके. मटाटू, बार, सलून, दुकान या सगळ्यांना परवाना शुल्क भरावं लागतं. पैसा जमतो. पण मटाटूत कोणतं गाणं किती वेळा वाजलं याची नोंद कुठेच होत नाही. नोंद नसलेला पैसा एक तर रेडिओच्या यादीवरून वाटला जातो, नाहीतर सगळ्यांना सारखा. म्हणजे मटाटूवाल्याने भरलेलं शुल्क मटाटूत न वाजलेल्या गाण्यांना मिळू शकतं. २०१७ मध्ये कॉपीराइट मंडळाने एमसीएसकेचा परवाना नाकारला. २०१९ मध्ये याच संस्थेने सर्वसाधारण वाटपात सभासदाला सरसकट २,५३० शिलिंग दिले आणि कलाकारांचा संताप उसळला. नैरोबीत अनेक ठिकाणी एका खोलीचं महिन्याचं भाडंही त्यात निघत नाही. त्याच वर्षीच्या कॉपीराइट दुरुस्तीने कॉलर ट्यूनच्या उत्पन्नातला किमान ५२ टक्के वाटा हक्कधारकाचा ठरवला. पण हक्कधारक कोण, हे कागदावर असेल तर ना! ‘बाजार निवडतो’ म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: ज्या बाजारात विक्रीची नोंदच होत नाही, तो बाजार निवडतो कशावरून?

यूट्यूबने हे कोडं सुटेल असं वाटलं होतं. काही अंशी सुटलंही. वाकाडिनाली हे स्कार, डोमानी मुंगा आणि सेवरसिडा या तिघांचं त्रिकूट. रेडिओच्या मेहेरबानीवर न राहता, रॉंग रेंडे या स्वतःच्या नावाखाली, २०२० च्या ‘व्हिक्टिम्स ऑफ मॅडनेस’सारख्या अल्बमांनी ते पूर्व आफ्रिकेतल्या सर्वांत ऐकल्या जाणाऱ्या रॅप गटांत जाऊन बसले. त्यांची शेंग इतकी दाट, की शहराच्या दुसऱ्या टोकाच्या माणसालाही अडखळायला होतं. सोपं असेल तेच चालतं हा समज त्यांनी मोडला. पण त्यांच्यामागोमाग निघालेले बहुतेक गट यूट्यूबवर अडतात ते तीन ठिकाणी. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला चॅनेलला १,००० वर्गणीदार आणि वर्षात ४,००० तासांचं पाहणं लागतं, म्हणून पोरं चालू असलेल्या दुसऱ्याच कुणाच्या चॅनेलवर गाणं चढवतात. चॅनेल ज्याच्या ईमेलवर, पैसा त्याचा. बीट इंटरनेटवरून फुकट किंवा सामायिक परवान्यावर उतरवलेली असेल, तर तीच बीट वापरणारा दुसरा कुणी आधी दावा ठोकतो आणि गाणं गाजल्यावर कमाई गोठते. शिवाय जाहिरातीचा दर पाहणाऱ्याच्या देशावर ठरतो, म्हणून नैरोबीतल्या दहा लाख प्रेक्षकांची किंमत लंडनमधल्या तितक्याच प्रेक्षकांपेक्षा कितीतरी कमी येते. या तीन खड्ड्यांतून उरतं ते कमी, आणि गट टिकवायला दर काही आठवड्यांनी नवं गाणं लागतं. चार जणांना पोटापुरतं हवं असेल आणि पुढचं गाणं महिन्याभरात हवं असेल, तर खळबळ हा सर्वांत स्वस्त कच्चा माल आहे. ‘तारिंबो’ला मी माफ करत नाही. पण तशी गाणी येत राहावीत अशी सगळी तजवीज कुणी केली, हेही विचारलं पाहिजे.

शेजारचा टांझानिया पाहिला तर हे अधिक स्पष्ट होतं. तिथे स्वाहिली सगळ्यांची, खासगी रेडिओही नव्वदच्या मध्यावर आला, आणि रॅपर थेट संसदेत पोचले: सुगु २०१० मध्ये एम्बेयातून, प्रोफेसर जे २०१५ मध्ये मिकुमीतून. म्हणून तिथे गाणं मोकळं झालं का? मार्च २०१७ मध्ये राज्यकर्त्यांना टोचणाऱ्या गाण्याबद्दल नाय वा मितेगो या रॅपरला अटक झाली. मग अध्यक्ष मागुफुली यांनीच सुटकेचा आदेश दिला आणि गाणं वाजू द्या म्हणून सांगितलं. लोक खूश झाले. मला त्यात धोका दिसतो: गाणं वाजणं कायद्यावर राहिलं नाही, एका माणसाच्या मर्जीवर गेलं. पुढच्याच वर्षी सुगु त्याच अध्यक्षांचा अपमान केल्याच्या आरोपाखाली तुरुंगात होते.

आणि आशय? ‘रिकामं’ म्हणून हिणवलेलं गाणं नेहमी रिकामं राहत नाही. २००२ मध्ये केनियात गिडी गिडी माजी माजी या रॅप जोडीचं ‘अनब्वोगेबल’ आलं. ते निवडणुकीसाठी लिहिलेलं नव्हतं, पण विरोधी आघाडीच्या सभांमध्ये लोकांनी ते आपलं केलं, आणि २७ डिसेंबर २००२ च्या मतदानाने १९६३ पासूनची कानू पक्षाची सत्ता गेली. जून २०२४ मध्ये वित्त विधेयकाविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांच्या तोंडी होतं वाडाग्लिझचं ‘अंगुका नायो’, निव्वळ नाचाचं गाणं. २५ जूनला जमाव संसदेत शिरला, पोलिसांच्या गोळ्यांनी तरुण मेले, आणि दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष रुटो यांनी विधेयकावर सही करणार नाही असं जाहीर केलं. कुठलं मंडळ हे आधी ओळखू शकलं असतं? नाचाचं गाणं आणि निषेधाचं गाणं यांच्यामधली भिंत समीक्षकांच्या डोक्यात आहे, अश्रुधुरात उभ्या असलेल्यांना ती दिसली नाही.

मग करायचं काय? माझं उत्तर रुक्ष आहे. मटाटू आणि बारमध्ये काय वाजतं याची नमुना पाहणी करा. थोडा तुकडा ऐकून गाणं ओळखणारं तंत्र यूट्यूब रोज वापरतं. ते काही मार्गांवरच्या गाड्यांत साध्या फोनवर चालवता येईल. अडचणी आहेत. डीजे गाण्याचा वेग वाढवतो, मध्ये बोलतो, दोन गाणी एकमेकांत मिसळतो, आणि तिथे यंत्र चुकतं. म्हणून डीजेंकडून पेन ड्राइव्हची यादीही घ्यावी आणि ती देणाऱ्याला शुल्कात सवलत मिळावी. त्याहून मोठी अडचण अशी, की नोंदच नसलेलं गाणं यंत्र ओळखणार कसं? म्हणून पहिलं काम ध्वनिमुद्रणाच्या दिवशीचं. शब्द कुणाचे, बीट कुणाची, ध्रुवपद कुणाचं, प्रत्येकाचा वाटा किती टक्के आणि चॅनेल कुणाच्या नावावर, हे एका पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या, आणि गाणं चढवण्याआधी त्या पानासह नोंदणी. ही नोंदणी नैरोबीच्या मध्यावरच्या कार्यालयात न ठेवता दांडोरा, उमोजा, कायोले इथे, बिनशुल्क व्हावी. खर्च परवाना शुल्कातूनच निघावा, कारण तो पैसा याच पोरांच्या गाण्यांवर गोळा झालेला आहे. किती गाड्यांचा नमुना पुरेसा, चुकीच्या ओळखीवर दाद कुठे मागायची, यावर भांडावं लागेल, आणि त्या भांडणात एथिकलाही बोलवावं आणि कलामशाकालाही.